एझेलचे राहिलेले पाऊल

मित्रांनो, दमलेल्याने फार बोलू नये म्हणतात. पण एक गोष्ट बरीच वर्षे माझ्या अंगावर आहे, ती सांगितल्याशिवाय मला स्वस्थ पडवणार नाही.

मी एक पाच कोनांची रबरी पाटी आहे. अमेरिकेत, आमच्या अलाबामात पाइप ओतण्याचा एक कारखाना होता, आणि त्यात कोळसा वाहून नेणारा एक रुंद रबरी पट्टा होता. वीस वर्षे फिरून तो झिजला, तेव्हा कारखान्याने त्याचे तुकडे करून मागे टाकून दिले. वॉडेल नावाच्या ओतकाम्याने त्यातला एक तुकडा उचलला, सुरीने पाच कोनांत कापला आणि त्याला पांढरा रंग दिला. तीच मी. म्हणजे बघा, जन्माला येण्याआधीच मी एक नोकरी करून थकले होते.

वॉडेल पायनी फोर्ड गावाच्या चर्चचे डीकन होते. चर्च झाडायचे, आजाऱ्याकडे जायचे, भांडणे मिटवायची, ही डीकनची कामे. रविवारी दुपारी तेच बेसबॉलचे पंच होत. आमच्या काळ्या लोकांना शहरातल्या गोऱ्यांच्या मोठ्या मैदानावर पाऊल ठेवता येत नसे, म्हणून कारखान्यामागच्या लाल मातीत त्यांनी आपले मैदान केले होते. तिथे मला जमिनीत बसवले. माझे नाव होम प्लेट, म्हणजे घर. फलंदाज माझ्यापाशी उभा राहून चेंडू टोलवतो, मैदानाच्या कोपऱ्यांवरच्या तिन्ही बेसना पाय लावत फिरतो आणि शेवटी माझ्याकडे परत येतो. त्याचा पाय माझ्यावर पडला की एक धाव. चेंडू थेट कुंपणापार गेला तर त्याला होमरन म्हणतात. मग कुणी अडवत नाही, रमतगमत आले तरी चालते. पण पाय लावायचा तो लावावाच लागतो.

सामना असला की पाद्रीबाबा प्रवचन आटोपते घेत. तरी शेवटी सूर लागायचाच. बोलता बोलता त्यांचा आवाज चढे, शब्दाचे गाणे होई, आणि सारे लोक टाळ्यांवर पालुपद उचलून धरत. तो सूर मैदानापर्यंत ऐकू येई. मग चर्च सुटे, आणि बायका टोप्या सावरत, तळलेल्या कोंबडीच्या टोपल्या घेऊन थेट माझ्याकडे येत. देवाघरून निघून खेळाकडे जाण्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. मला तर ती एकाच भजनाची दोन कडवी वाटत.

माझे काम म्हणाल तर तुडवून घेणे. लोक माझ्याजवळ थुंकत, खिळ्यांच्या बुटांनी मला ओरबाडत, माझ्या अंगावर घसरत येऊन पडत. डीकन मात्र दर थोड्या वेळाने वाकत आणि छोट्या कुंचल्याने माझ्यावरची माती झाडत. तेवढाच काय तो हळुवार हात.

ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे, तो ऑगस्टमधला रविवार होता. डोंगरापलीकडच्या खाणकामगारांचा संघ आला होता. अकरा वर्षांत आमच्या गावाने त्यांना एकदाही हरवले नव्हते, आणि त्याही दिवशी शेवटचा, नववा डाव आला तेव्हा ते नऊ धावा आणि आम्ही दोन असा हिशेब होता. निम्म्या बायका टोपल्या आवरायला लागल्या होत्या.

आमचा एझेल प्रुइट फलंदाजीला आला. सव्वीस वर्षांचा, भट्टीवर काम करणारा, कमी बोलणारा. माझ्यामागे त्यांचा कॅचर उकिडवा बसला होता. चेंडू झेलायचा आणि तोंड चालू ठेवायचे, ही त्याची दोन कामे. त्याचे नाव टर्निपसीड.

"काय एझेल, बॅट जड झालीय का? दोघांनी धरा हवी तर."

"तू धरतोस का दुसरं टोक?" एझेल म्हणाला.

"मी धरलं असतं रे, पण एकदा बसलो की उठवत नाही. देवाचं नाव घे, आउट हो, आणि कोंबडी गार व्हायच्या आत सगळ्यांना सोड."

"तोंड आवर, टर्निपसीड," डीकन म्हणाले. "रविवार आहे."

"म्हणून तर देवाचं नाव घे म्हणतोय, डीकन."

पुढचाच चेंडू एझेलने कुंपणापार घालवला. टाळ्या पडल्या, पण उगीच आपल्या सांत्वनाच्या. तो सावकाश फिरून आला आणि त्याने डावा पाय माझ्यावर नीट, पुरा ठेवला. तो भार माझ्या अजून लक्षात आहे.

पण मग काय झाले ते देवालाच ठाऊक. त्यांचा चेंडू टाकणारा थकला. आमचा एक बेसवर पोहोचला, दुसरा पोहोचला. दोघे आउट झाले, पण तिघे घरी आले आणि आणखी तिघे तीन बेसवर उभे राहिले. नऊ विरुद्ध सहा. बाकीचे आठही जण खेळून झाले होते, म्हणून पाळी फिरून पुन्हा एझेलवर आली. आवरलेल्या टोपल्या बायकांनी खाली ठेवल्या.

या वेळी टर्निपसीडचा नुसता श्वास ऐकू येत होता.

एझेलने बॅट फिरवली. आवाज असा झाला, की चेंडू कुठे गेला हे बघायची गरजच उरली नाही. तो कुंपण ओलांडून ओढ्यात पडला. एका डावात एकाच माणसाचे दोन होमरन! पायनी फोर्डमध्ये असे कधी कुणी पाहिले नव्हते. पुढचे तिघे एकामागून एक माझ्यावर पाय देऊन गेले. नऊ-नऊ. आता फक्त एझेल यायचा होता. त्याची धाव ती जिंकणारी धाव.

तो तिसरा बेस ओलांडून माझ्याकडे निघाला आणि सारे गाव मैदानात शिरले. माझ्यापासून चार पावलांवर त्यांनी त्याला उचलले. खांद्यावर घेतले, मित्रांनो, आणि मिरवणुकीतल्या मूर्तीसारखा नाचवत माझ्यावरून नेला. मी खालून पाहिले: त्याच्या बुटांचे तळवे, खिळ्यांत अडकलेली लाल माती, एक सुटलेली नाडी. शंभर पाय माझ्यावर पडले. त्याचा पडला नाही.

पंचाचा एक नियम आहे. असा पाय राहिला तर पंच आपणहून बोलत नाही. समोरच्या संघाने मैदान सोडायच्या आत विचारले, तरच तो सांगतो. विचारले असते तर एझेल आउट, सामना नऊ-नऊ, आणि खेळ पुढे चालू. डीकन तसेच उभे राहिले. खाणवाल्यांचा शेवटचा माणूस मैदानाबाहेर जाईपर्यंत ते हलले नाहीत. कुणी विचारले नाही. मग त्यांनी वाकून मला झाडले. आता झाडायची काही गरज नव्हती.

त्या दिवसापासून एझेल गावाचा झाला. न्हाव्याकडे, दुकानात, लग्नात, जिथे तिथे तीच गोष्ट. लहान मुले बाहुल्यांनासुद्धा दोन-दोन होमरन मारायला लावत. एझेल मात्र ती गोष्ट निघाली की उठून जाई. लोक म्हणत, केवढा विनयी माणूस.

पुढे कारखाना बंद पडला. तरुण माणसे शहरांकडे गेली. मैदानात गवत वाढले, आणि मी त्याखाली किती वर्षे पडून राहिले, कुणास ठाऊक. रंग गेला, कडा उकलल्या. शेवटी डीकननीच मला खणून काढले आणि चर्चच्या मागच्या दाराशी, स्वयंपाकखोलीच्या पायऱ्यांच्या तळाशी टाकले. लोक माझ्यावर पाय ठेवून आत-बाहेर करू लागले. मला तक्रार नव्हती. भिंतीआडून रविवारचे प्रवचन ऐकू येई. सूर चढला की माझ्या झिजलेल्या अंगातही काहीतरी हलत असे.

एझेल नेहमी पुढच्या दाराने येई. कधी पातेले उचलायला मागे यावेच लागले, तर लांब टांग टाकून मला ओलांडून जाई. मीच काय ती हे पाहत होते. आणि डीकन.

अशी बत्तीस वर्षे गेली. गावाने ठरवले, की एझेलच्या नावाची पितळी पाटी करून चर्चच्या अंगणात लावायची. रविवारी प्रवचनानंतर समारंभ. खाणवाल्यांपैकी उरलेल्यांनाही बोलावणे गेले. आदल्या दिवशी दुपारी डीकन मागच्या पायरीवर बसून मासे साफ करत होते. पंच्याऐंशी वर्षांचे झाले होते ते. एझेल आला आणि माझ्या अलीकडेच थांबला.

"मागच्या दाराने आलास," डीकन म्हणाले.

"डीकन, एक विचारायचं होतं."

"विचार."

"माझा पाय लागला होता का?"

डीकननी सुरी खाली ठेवली. "नाही."

"नक्की?"

"ही रबरी पाटी मी कापलीय. नव्हता लागला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"पंचाला कुणी विचारलं नाही. डीकन म्हणून बोलायला हवं होतं, ते माझ्याकडून झालं नाही. वाटायचं, या रविवारी तू विचारशील. मग तुझी बायको आजारी पडली, म्हटलं आता नको. मग पोरगा लढाईवर गेला, म्हटलं आता तर नकोच. असं करता करता म्हातारा झालो, एझेल. दमलो मी त्या वाट बघण्याने."

"मीपण," एझेल म्हणाला. "उद्या ती पाटी लावतायत."

"ठाऊक आहे. पितळ मीच घासलंय."

"काय करू?"

"ते मला विचारू नकोस. मासे धुवायला पाणी तेवढं आण."

एझेलने पाणी आणले. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा त्याने मला ओलांडले.

रविवारी चर्च भरले होते. प्रवचन महापुरातल्या नोहाच्या तारवाचे होते. नव्या पाद्रीबाबांचा आवाज खर्जातला, आणि पाऊस चाळीस दिवस पडत राहिला तिथे त्यांनी असा सूर धरला, की भिंतीला टेकलेल्या झाडणीचेसुद्धा भान हरपले असेल. मग त्यांनी एझेलला पुढे बोलावले. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या, तरी त्याच्या बुटांची चुळबुळ तेवढी ऐकू येत होती.

"सांग बाबा," मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली. "जे असेल ते सांग."

"त्या डावात मी दोनदा चेंडू कुंपणापार घालवला," एझेल म्हणाला. "ते खरं आहे. पण घरी एकदाच आलो. दुसऱ्या वेळी तुम्ही मला उचललंत. माझा पाय लागला नाही. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही सगळे इतके खूष होता, की मला खाली उतरवा म्हणायला तोंडच उघडलं नाही. आपण जिंकलो नव्हतो."

हातपंख्यांची फडफड थांबली. मग एक काठी जमिनीवर आपटली.

"बस खाली, एझेल. मला ठाऊक होतं."

तो आवाज मी लगेच ओळखला. टर्निपसीड.

"तुला ठाऊक होतं?" एझेल म्हणाला.

"मी तिथेच उभा होतो की, दोन हातांवर. डोळे चांगले होते तेव्हा. डीकनला एक शब्द विचारायचा, की तू आउट आणि सामना पुढे चालू. पण शुक्रवारी मी खाणीत दोन पाळ्या केल्या होत्या. वर नऊ डाव उन्हात उकिडवा बसलो. गुडघे म्हणाले, टर्निपसीड, अजून एक डाव बसलास तर आम्ही इथेच राहतो, तू जा. मग काय करतो? मास्क उचलला आणि गाडीत जाऊन बसलो. बत्तीस वर्षं आमच्या गावाच्या शिव्या खातोय त्या सामन्यापायी. आणि हा इथे तोंड लपवून बसलाय. अरे, आधी बोलला असतास तर दोघं एकत्र तोंड लपवून बसलो असतो."

आधी एक जण हसला, मग सारे चर्च हसले. ते हसणे विरते न विरते तोच डीकननी आपल्या कापऱ्या आवाजात भजन धरले, आणि टाळ्यांवर टाळ्या पडू लागल्या. पितळी पाटीचे पुढे काय करायचे हे कुणालाच सुचेना. शेवटी कुणीतरी ती जेवणाच्या टेबलावर गरम कढईखाली सरकवून दिली.

जेवणासाठी लोक मागच्या दाराने अंगणात उतरू लागले. एझेल आधी बाहेर आला आणि सवयीने मला ओलांडून गेला. पाठोपाठ टर्निपसीड दारात आला. तीनच पायऱ्या होत्या, पण पहिल्याच पायरीवर त्याचा गुडघा लचकला आणि काठी निसटली. एझेल वळला, एक पाऊल मागे आला, आणि त्या जाडजूड म्हाताऱ्याला त्याने काखेत हात घालून धरले. त्या वेळी त्याचा डावा पाय माझ्यावर होता. नीट, पुरा. त्याच्यावर टर्निपसीडचा अर्धा भार होता, म्हणून तो मला पूर्वीपेक्षा जड लागला.

"हळू," एझेल म्हणत होता. "मी धरलंय. घाई नाही."

त्याने खाली पाहिले नाही. मीही काही बोलले नाही. मला बोलता कुठे येते?

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्यातल्या कुणी मोठे काही केले, की त्याला जरूर खांद्यावर घ्या, नाचवा, देवाचे नाव घेऊन टाळ्या वाजवा. फक्त त्याच्या वाटेतली शेवटची चार पावले त्याची त्याला चालू द्या. ती राहून गेली, तर तो बिचारा भर गर्दीत उभा असूनही वर्षानुवर्षे घराबाहेरच राहतो. त्याच्या राहिलेल्या पावलाची वाट कुणी ना कुणी बघत बसलेले असते, आणि वाट बघून माती आणि रबरसुद्धा थकते.