खर्ड्याच्या तटावरची हाक

जामखेडला भाचीचं लग्न होतं. ते उरकून सरळ कोल्हारला घरी यावं ना? पण आमच्या ह्यांना खर्ड्याचा किल्ला बघायचा होता. "एवढं जवळ आलोय, मरिया. अख्खा तट शाबूत आहे म्हणे."

मी म्हटलं, तट शाबूत आहे हो, तुम्ही आहात का? दोनच महिने झाले ह्यांच्या हृदयात स्टेंट टाकून. डॉक्टरांनी बजावलंय, जिने सावकाश चढा, धावपळ अजिबात नको.

ऐकतील तर शपथ! सगळा जन्म शुगर फॅक्टरीत फिटर म्हणून काढला, त्यामुळे कुणी काही भक्कम बांधलेलं दिसलं की हात लावून बघायची खोड. दरवाजातून आत गेलो आणि हे लागले पायऱ्या चढायला. माझा गुडघा धड नाही. मी खालीच झाडाच्या सावलीत बसले.

किल्ला चौकोनी, आत उभं राहिलं की चारी बाजूंचा तट दिसतो. ह्यांची पांढरी टोपी वरून हळूहळू सरकत होती, तोवर माझा जीव थाऱ्यावर होता. कोपऱ्यातल्या बुरुजापाशी टोपी दिसेनाशी झाली. म्हटलं, येतील पलीकडून. आले नाहीत. बराच वेळ झाला, तरी नाहीत.

फोन लावला, तर रिंग माझ्याच पर्समध्ये वाजली. माझी पर्स म्हणजे ह्यांचा जादा खिसा. फोन काढायला हात घातला आणि गोळ्यांची डबी हाताला लागली. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची ती गोळी. तीसुद्धा इथेच! डबी मुठीत धरून मी उभी राहिले.

"अहो!" मी ओरडले. "अहो, ऐकलं का?"

तटावरचे सगळे नवरे वळले. एक चष्मेवाला, एक खांद्यावर पोर घेतलेला, एक तर नवाकोरा, हातावरची हळदही उतरली नव्हती. त्याची बायको माझ्याकडे अशी बघायला लागली, की बाई गं! माझा नवरा तेवढा वळला नाही. पुन्हा ओरडले, तर पुन्हा तेच वळले.

"मावशी, नावानं हाक मारा की," पोरवाला वरून म्हणाला. "आमी किती येळा वळायचं?"

नाव! तीस वर्षांत मी ह्यांचं नाव घेतलं ते एकदाच, लग्नात, देवळात, पाळकसाहेब सांगतील तसं मागोमाग. मरण वेगळं करीपर्यंत साथ देईन, असंही तेव्हाच म्हटलं होतं. नेमकं तेच आता डोक्यात घुमायला लागलं.

लाज गेली खड्ड्यात. मी जीव खाऊन ओरडले, "स्टीफन! स्टीफन!"

बुरुजाआडून टोपी बाहेर आली. देवा, तुझे उपकार, असं म्हणते न म्हणते तोच बघते तर हे पळतायत! तटावरून पळत आले, दोन-दोन पायऱ्या टाकत खाली उतरायला लागले. "पळू नका! अहो, पळू नका ना!" मी गुडघा विसरून पायऱ्यांकडे धावले. हे थांबतच नव्हते. समोर आले ते घामाघूम, ओठ पांढरे.

"काय झालं तुला?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग नाव का घेतलंस?" हे खालच्या पायरीवर मटकन बसले. "तुझं 'अहो, अहो' ऐकू येत होतं. म्हटलं, हे रोजचंच. सावलीत टेकलो होतो जरा. पण नाव घेतलंस आणि वाटलं, गेली माझी मरिया."

"छातीत दुखतंय का?"

"जरासं."

मी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि ह्यांच्या छातीवर हात ठेवून बसले. धडधड शांत होईपर्यंत हात काढला नाही. रडलेसुद्धा, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून रोज सकाळी कप पुढे ठेवताना मी नाव घेते. जीभ अडखळते, शेजारची राजेश्वरी खुदूखुदू हसते. हसू दे. ह्यांच्या कानाला सवय झाली पाहिजे, म्हणजे पुन्हा कधी हाक मारायची वेळ आली तर धावत सुटणार नाहीत.

"स्टीफन, चहा."

अजून दचकतात.