पांढरी

रंजीताची शाळा सगळी तेलुगूत झाली, तिथंच घोटाळा झाला. नार्नूरजवळच्या शेतात शेतमालक चंपतराव म्हणाले, "ही जागा पांढरी हाय, बाई." माती किती भार सोसते याचं संशोधन करणाऱ्या या बाईनं खुशाल समजून घेतलं, की पांढरी म्हणजे चुनखडीची. टणक. वरून ती दिसतही होती तशीच.

चाचणी साधीच. दोन्ही बाजूंना लाकडी ओंडक्यांचे टेकू, त्यांवर लोखंडी गर्डर आणि गर्डरांवर वाळूच्या पोत्यांचा ढीग. मधल्या खड्ड्यात लोखंडी प्लेट, तिच्यावर जॅक. बाहेर बसून पंप मारला की जॅक पोत्यांना वर रेटतो आणि प्लेटला मातीत दाबतो. प्लेट किती खचली ते दाखवणारा काटा बघायला भारत पोत्यांखाली शिरला होता. तिचा नवरा आणि कामातला जोडीदार. कॅमेरा लाव म्हणून ती कानीकपाळी ओरडली होती, पण ऐकेल तो भारत कसला!

"काटा हलूनच नाई राह्यला!" तो आतून ओरडला.

बांधावर बसलेले चंपतराव सहज म्हणाले, "आमच्या आजीचं घर इथंच व्हतं."

पंपावरचा रंजीताचा हात थांबला. "घर? इथं शेतात?"

"शेत आता झालं. पांढरी मंजे गावठानच नं, बाई! रोगराई आली, गाव उठलं. मी तं पयलेच सांगतलं तुमाले."

जुन्या घराखाली पेव असतं, धान्य ठेवायची माणूस मावेल एवढी पोकळी. "पेवं बुजवली होती का?"

"कोन बुजवते! तोंडावर फरशी ठेवली अन् गेले."

तेवढ्यात डावा टेकू करकरला. त्याच्या बुडाशी भेग पडली आणि गर्डर तिकडं कलले.

"भारत, बाहेर ये! उजवीकडून!"

"आधी जॅक सोड!"

नियम तोच, काही बिघडलं की आधी जॅकचा दाब सोडायचा. पण जॅक सोडला तर त्यानं उचलून धरलेलं सगळं वजन टेकूंवर येणार. काटा हलला नव्हता, म्हणजे पेव प्लेटखाली नव्हतं, त्या डाव्या टेकूखाली होतं. अरे देवा! वजन जॅकवरच राहावं म्हणून रंजीता उलट जोरजोरात पंप मारू लागली.

"सोड म्हनतो नं! बहिरी झाली का?"

"नाई सोडत! सरपटत ये मुकाट्यानं!"

टेकू आणखी खचला. ती पंप मारत राहिली, खांदे भरून आले तरी मारत राहिली. भारतचा जीव आपल्या हातात आहे, एवढंच तिला कळत होतं.

शेवटी तो बाहेर आला. मातीनं माखलेला, संतापानं लाल.

"मारतं का मले? काऊन नाई सोडला?" म्हणत तो पंपापाशी आला आणि त्यानं स्वतःच दाब सोडायचा खटका फिरवला.

टेकू खाली गेला. गर्डर गेले. सगळी पोती धाडकन त्या खड्ड्यात कोसळली, जिथं तो आत्तापर्यंत पालथा पडला होता.

भारत मटकन खाली बसला. रंजीताचा हात अजून पंप मारतच होता.