अठ्ठावीस सेकंदांचा निरोप

आमच्या दाराला एक्केचाळीस वर्षांत कधी कुलूप लागलं नाही. किल्ली होती म्हणतात, पण कुठं होती ते देव जाणे. शेजारीपाजारी दार ढकलून आत यायचे, आम्ही घरी नसलो तर हॉटडिशचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटा-खिम्याचं, गरम भांडं शेगडीवर ठेवून जायचे. आणि आता माझी लेक कर्स्टन कमरेवर हात ठेवून मला सांगत होती, "आई, रविवारपर्यंत या दाराचा बंदोबस्त झाला नाही, तर सोमवारपासून सिग्नी पाळणाघरात. बस्स."

तिचं चुकत नव्हतं. म्हणून तर मला जास्त राग आला.

सिग्नी माझी नात, साडेतीन वर्षांची. कर्स्टन कामावर जाताना तिला माझ्याकडे सोडते. माझा नवरा ड्वेन शाळेची बस चालवतो, म्हणजे सकाळ-दुपार घरात आम्ही दोघीच. माझी बोटं संधिवातानं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालीत, गुडघ्यांची तीच गत. खुर्चीपासून दारापर्यंत वॉकर घेऊन जायला मला अठ्ठावीस सेकंद लागतात. ड्वेननं घड्याळ लावून मोजलेत, नवरा असावा तर असा! सिग्नीला चार लागतात.

मंगळवारी ती पोहण्याचा पोशाख आणि बर्फातले बूट घालून टपालपेटी बघायला गेली. फेब्रुवारीत, डुलुथसारख्या बर्फाच्या गावात! मी दाराशी पोचले तेव्हा दार सताड उघडं, आत बर्फाचे कण येतायत आणि रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी करकचून थांबलेली. चालकानं तिला काखोटीला मारून आणलं आणि विचारलं, "तुमचं आहे का हे?" मी हसून हो म्हटलं. तो गेल्यावर मात्र वॉकरसकट भिंतीला टेकून उभी राहिले. अजून ती गाडी डोळ्यांसमोरून जात नाही.

तर कुलूप हवंच होतं. आणि सिग्नी गेली तर माझ्या दिवसात उरणार काय? टीव्ही आणि औषधाच्या गोळ्या.

बुधवारी ड्वेननं सगळ्यात वर एक कडी ठोकली. म्हटलं, "शाबास! माझा हात खांद्याच्या वर जात नाही. घराला आग लागली तर मी काय कडीकडे बघत बसू?"

मग टेकडीखालच्या हार्डवेअरच्या दुकानातून, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या, लावॉनच्या, बोटाचा ठसा ओळखणारं कुलूप आलं. ड्वेन चष्मा कपाळावर चढवून सूचना वाचत होता, तेवढ्यात सिग्नीनं जॅम लागलेलं बोट त्यावर ठेवलं. झालं! घराची मालकीण म्हणून तिची नोंद. मी बोट ठेवलं की आतली बाई गोड आवाजात म्हणायची, "ओळख पटली नाही."

"अगं भवाने," मी म्हटलं, "मी एक्केचाळीस वर्षं राहतेय इथं, तू काल आलीस!"

"आर्लिस, ते यंत्र आहे," ड्वेन म्हणाला.

"तू गप्प बस. तू तिला घरात आणलंस!"

गुरुवारी मोठ्या आकड्यांचं कुलूप बसलं. हलक्या हातानं दाबलं तरी चालायचं, मी तर खूश. पण मला आकडे मोठ्यानं म्हटल्याशिवाय दाबता येत नाहीत. संध्याकाळपर्यंत सिग्नी त्याचं गाणं करून घरभर नाचत होती. सात, दोन, दोन, नऊ, टाळी!

ड्वेननं कपाळाला हात लावला. रडगाणं एकच होतं: माझ्या दुखऱ्या हातांना जे सोपं, ते तिच्या इवल्या हातांनाही सोपं. आणि तिला जे अवघड, त्यानं मीच माझ्या घरात कोंडली जाणार.

शुक्रवारी लावॉन स्वतः आली, एका हातात परत न्यायची खोकी, दुसऱ्या हातात लिंबाच्या गोड वड्या. दोन कप कॉफी झाली. "तुला सोपं आणि तिला अवघड, असं माझ्या दुकानात तरी काही नाही गं," ती म्हणाली. मग गुडघ्यांवर थाप मारली, "चला मग! निघावं आता," आणि उठली.

आता आमच्याकडे 'चला मग' म्हणजे निघायची नुसती सुरुवात. गुडघ्यावर थाप मारून माणूस उठतो, स्वयंपाकघरात थबकतो, कोट घालताना कुणाच्या तरी ऑपरेशनचा विषय निघतो, दाराशी हवेचा, पायरीवर रस्त्याचा. गाडीपर्यंत पोचायला पाऊण तास सहज जातो. थेट उठून जाणाऱ्याच्या घरात काहीतरी बिनसलंय असं समजतात.

लावॉनला पोचवायला सिग्नीही कोट घालून आली होती. ती उड्या मारायला लागली, मग दारावर कपाळ आपटायला, मग जमिनीवर आडवी झाली आणि शेवटी वैतागून कोटासकट आपल्या ठोकळ्यांकडे निघून गेली. अजून आमचा ऑपरेशनचा विषयही संपला नव्हता!

मी लावॉनचा दंड धरला. "अगं, हिला थांबता येत नाही!"

"कुणाला?"

"सिग्नीला! हिला कड्या येतात, आकडे येतात, बटणं येतात. फक्त थांबता येत नाही. आणि मला थांबण्याशिवाय काही येत नाही!"

लावॉनचे डोळे मोठे झाले. असं एक कुलूप होतं तिच्याकडे, वृद्धाश्रमांत बसवतात तसलं, अडगळीत पडून. आतून तळहाताएवढं बटण. एकदा दाबलं की घंटी वाजत राहते आणि तीस सेकंदांनी दार उघडतं. मध्येच पुन्हा दाबलं की मोजणी पहिल्यापासून. घरात धूर झाला तर मात्र लगेच उघडतं.

"तीस!" मी ओरडले. "माझ्यापेक्षा दोन जास्त! लावॉन, तुझ्या तोंडात साखर पडो!"

त्यानंतर तिनं आणखी वीस मिनिटं निरोप घेतला, ते सोडा.

शनिवारी सिग्नीनं ते बटण इतक्या वेळा दाबलं की मोजणी काही सहाच्या पुढं जाईना. टिंगटाँग, टिंगटाँग! ती चिडून किंचाळायची आणि मी नि ड्वेन हसून हसून डोळे पुसत होतो. नवं कुलूप बघायला दिवसभरात सात शेजारी येऊन गेले. म्हणजे दाराशी सात निरोप झाले. सिग्नी प्रत्येक वेळी माझ्या पायाशी उभी होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

रविवारी कर्स्टन परीक्षा घ्यायला आली. स्वतः बाहेर अंगणात उभी राहिली, दाराच्या काचेतून बघत. मला सांगितलं, "तू नेहमीसारखी खुर्चीत बस." ड्वेनला भांडी घासायला पाठवलं.

सिग्नी आली. तिनं बटण दाबलं. घंटी सुरू झाली.

आणि तिनं दुसऱ्यांदा दाबलंच नाही.

कार्टी बटणाकडे पाठ करून उभी राहिली, वाकून दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली आणि म्हणाली, "चला मग! निघावं आता."

मी वॉकर ओढला आणि उठले. "पाच, सहा..." माझं तोंड आपोआप मोजायला लागलं.

"रस्त्यात हरणं असतात, जपून हं," सिग्नी म्हणत होती. "भांडं राहिलं बाई तुमचं. राहू दे, पुढच्या वेळी. आजोबांना सांगा मी विचारलं म्हणून."

सतरा, अठरा. गुडघे बोंबलत होते. गालिच्याच्या कडेला वॉकरचं चाक अडलं, मी शिवी हासडली आणि ते उचललं.

"थंडी काय पडलीय!" सिग्नी म्हणाली.

खट्. दार उघडलं, थंडी भसकन आत आली. सिग्नी उंबऱ्यावर उभी होती, समोर सगळा रस्ता मोकळा. तिनं मागं वळून माझ्याकडे हात वर केले. "आजी, मिठी राहिली ना."

मिठी न मारता कुणी जातं का? आमच्याकडे तरी नाही. उरलेली दोन पावलं टाकून मी तिला पोटाशी धरलं, ती सुटेना आणि मीही सोडेना.

कर्स्टन धावत आली. "आई, दार उघडलं!"

"उघडलं," मी धापा टाकत म्हटलं. "पण मी पोचले, कर्स्टन. या दाराशी मी पोचले."

तिनं सिग्नीच्या पाठीवरचे माझे वाकडे हात पाहिले. मग खाली बर्फातच पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. ड्वेन साबणाचे हात घेऊन बाहेर आला आणि कोण मेलं म्हणून विचारायला लागला.

"उद्या साडेसातला आणते तिला," कर्स्टन नाक पुसत म्हणाली आणि गुडघ्यांवर थाप मारली. "चला मग."

दोघी निघाल्या, पण पाऊण तासानं. तोवर सिग्नी कोट घालून दारातच झोपली होती.