आवडेल तेथे आत्या

शकूच्या धाकट्या भावाला, सूरजला, बऱ्याच नवसांनी मुलगी झाली आणि शकू गावी बसल्या बसल्या आत्या झाली. आत्या होणं म्हणजे काही चेष्टा नाही. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा, आणि ते सांगताना पाठीत बायकांचे धपके खायचा मानही तिचाच. त्या धपक्यांसाठी शकू ठाण्याला निघाली होती. ती वेळेवर पोचली नाही तर चुलत आत्या विमलाबाई पाळण्याशी बसणार, असं सूरजने फोनवर बजावलं होतं. विमलाबाई ठाण्यात बाळकुमला, बारशाच्या हॉलच्या शेजारीच राहायच्या, आणि त्यांची पाठ कधीची तयार होती.

राजापूरहून निघताना शकूने एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास काढला. हा पास घेतला की एसटीने हवं तिकडे फिरा. शकूचा आजवरचा सगळा प्रवास दुसऱ्यांना आवडेल तिथे झालेला. आजारी मामीकडे जा, मामेबहिणीच्या बाळंतपणाला जा, नाहीतर कोर्टाच्या तारखेला जा. त्यामुळे पासाचं नाव वाचूनच तिला भरून आलं. बारशाच्या आधी ती उगाचच कोल्हापूर बघून आली, सातारा बघून आली, आणि आदल्या संध्याकाळी डोंबिवलीत मानपाड्याला मामेबहीण समीक्षाकडे येऊन टेकली.

सकाळी समीक्षाचे सासरे विठ्ठलराव इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. शकूला हॉलवर पोचवायची जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती, बिचारे.

"हे पाहा शकूताई, रिक्षाने स्टेशन, मग लोकल, आणि ठाण्याहून बस. तासाभरात आपण बाळकुमला असू."

"यात पास कुठे चालेल?"

"कुठेच नाही. तो एसटीचा आहे."

"मग एसटीनेच जाऊया की."

"अगं, निदान महापालिकेच्या बसने जा," समीक्षा आतून ओरडली. "बस ती बसच ना!"

"ती माझी नाही," शकू म्हणाली. जणू एसटी तिच्या नावावर होती.

विठ्ठलरावांनी समजावलं, विनवलं, शेवटी चष्मा काढून पुसला. एसटी पकडायला कल्याणला जायला हवं होतं. तिथून भिवंडी, आणि भिवंडीहून दुसरी एसटी ठाण्यात खोपटच्या स्टँडला. डोंबिवलीकर ठाण्याला डोळे मिटून जातात, आणि ही बाई उलट्या दिशेने निघाली होती. पण भिवंडीची गाडी बाळकुमवरून, अगदी हॉलसमोरून जाते हे कळल्यावर शकूने पदर खोचला आणि विषय संपला.

कल्याणपर्यंतची रिक्षा तिने तोंड पाडून सहन केली. भिवंडीला ठाण्याची गाडी लागलेलीच होती. शकू पळत जाऊन खिडकीशी बसली. पाटीवर 'विनाथांबा' लिहिलं होतं, ते विठ्ठलरावांनी वाचलं तेव्हा गाडी सुटली होती.

बाळकुम जवळ आलं तशी शकूने कंडक्टरबाईंना पास दाखवला. "आता हॉलपाशी थांबवा."

"मावशी, गाडी विनाथांबा आहे. डायरेक्ट खोपट."

"अहो, पण पासावर लिहिलंय ना, आवडेल तेथे!"

"आवडेल तेथे प्रवास लिहिलंय. आवडेल तेथे थांबा कुठे लिहिलंय?"

तेवढ्यात हॉल आला. दारात नवा झब्बा घातलेला सूरज उभा होता. शकूने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "सूरज! आले रे!" सूरजने हसून हात वर केला, आणि तो खाली घ्यायच्या आत बहीण नजरेआड झाली.

विठ्ठलरावांचा फोन वाजला. "काका, आत्ता ताई गेली ना?"

"गेली," विठ्ठलराव म्हणाले. "परत येईल."

खोपटला लोक उतरले. विठ्ठलराव रिक्षा बघायला धावले आणि वळून बघतात तर शकू जागची हललेली नाही.

"हीच गाडी परत भिवंडीला जाते म्हणे. चढा लवकर."

"अहो, पण हीसुद्धा थांबणार नाही!"

"बघूया," शकू म्हणाली. सूरजचा पुन्हा फोन आला होता. मंडळी भुकेने कासावीस झाली होती, नाव ठेवल्याशिवाय पानं मांडता येत नव्हती, आणि विमलाबाई पाळण्याशी जाऊन बसल्या होत्या. नुसतं विचारून ये म्हणून पाठवलेल्या माणसाने खुर्ची पकडून बसावं तशा.

बाळकुमच्या अलीकडे शकूचा धीर सुटला आणि ती रडायलाच लागली. "एकुलता एक भाऊ माझा. त्याच्या पोरीच्या कानात मी कुर्र करायचं नाही, तर कोणी करायचं?"

कंडक्टरबाईंनी तिकिटाचं मशीन खाली केलं. "तुम्ही आत्या आहात?"

"सख्खी!"

"मग मघाशी पास कसला दाखवत होता? हे सांगायचं ना!" त्यांनी टण् टण् बेल मारली. खरं तर पुढे ट्रॅफिक तुंबलेलं होतं, गाडी तशीही हॉलसमोर उभीच राहिली. पण बेल मारल्याचं समाधान त्यांना मिळालं, आणि शकूला उतरायला दार.

शकू धावत आत शिरली. विमलाबाई बाळाच्या कानाशी वाकल्याच होत्या. शकूने त्यांना खांद्याने बाजूला सारलं, पाळण्यात तोंड घातलं आणि म्हणाली, "कुर्र! श्रिया!"

आणि मग धपके सुरू झाले. ते नेहमीचे लटके धपके नव्हते. सकाळपासून उपाशी ताटकळलेल्या बायका होत्या त्या. वहिनीने मारला, वहिनीच्या आईने मारला, ट्रॅफिक हलत नाही बघून कंडक्टरबाई आत आल्या आणि त्यांनीही एक हाणला. विमलाबाईंनी तर बांगड्या मागे सारून मारला. विठ्ठलराव दाराशी धापा टाकत उभे होते. बाई नसल्याचं दुःख त्यांना जन्मात पहिल्यांदाच झालं.

शकू मात्र पाळण्याची दोरी धरून हसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पाठ आगीसारखी झाली होती, आणि तिने मान वर करून विचारलं, "एवढेच?"