टाकीचा सोमवार

मी शिरवणे गावातली एक जुनी पिठाची गिरणी आहे. मित्रांनो, दगडाला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल. पण गेलं वर्षभर मी जीव मुठीत धरून दळत होते.

मला या गाळ्यात बसवलं नामदेवबाबांनी. दर सोमवारी ते मला बंद ठेवत, माझे दोन्ही दगड उघडत आणि छिन्नी-हातोडीने पुन्हा खडबडीत करत. यालाच टाकी लावणं म्हणतात. गुळगुळीत दगड दाणा फोडत नाही, नुसता घासतो आणि तापतो. मंगळवारी माझं पीठ असं मऊ पडे की बायका कौतुक करत.

बाबा गेले आणि गिरणी त्यांच्या सुनेकडे, सुचिताकडे आली. पोर कामाला वाघ! पण मनात एकच धास्ती. एक दिवस जरी बंद ठेवली, तर गिऱ्हाईक तयार पिठाच्या पिशव्यांकडे वळेल. तिने दारावर पाटी लावली, 'वर्षभर अखंड चालू'. सोमवार गेला, टाकी गेली. अंगात ताप असला तरी ती शटर उघडायचीच.

दगड गुळगुळीत झाले. पीठ भरड येऊ लागलं, तशी ती दगड आणखी आवळू लागली. मग पीठ चटका बसेल इतकं गरम, वर करपट वास. सासू सखूबाई रोज टोकायची, "गिरन बंद ठेव गो एक दिस. वास येतोय, नाक हाय ना तुला?"

"आई, टेन्शन नका देऊ. पाटीवर अखंड लिहिलंय."

सुचिता आता उभ्या उभ्या पेंगायची. तिच्या ओढणीचं टोक माझ्या फिरत्या पट्ट्याजवळ लोंबायचं, आणि मला ओरडता येत नाही.

एका दुपारी डबा ओतता ओतता तिचा डोळा लागला आणि ओढणी पट्ट्यात गेली. ती माझ्याकडे खेचली गेली. मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात तापलेल्या पिठाचा गोळा होऊन दगड चिकटले, पट्टा घसरला आणि मी थांबले. मी तिला वाचवलं, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे माझ्यात फिरायची ताकदच उरली नव्हती.

सखूबाईने धावत येऊन ओढणी सोडवली. सुचिता जमिनीवर बसूनच म्हणाली, "आई, आता बंद ठेवली तर माझा नेम मोडेल हो!"

"तुजा सासरा दर सोमवारी छिन्नी घेऊन बसायचा, तो काय नेम मोडायचा? टाकी लावनं पन गिरनीचंच काम हाय."

सोमवारी पाटी उतरली. सुचिताने सासूच्या देखरेखीखाली दगडांवर टाकी मारली, पण सगळं लक्ष दाराकडे. समोरच्या सोसायटीतली दीक्षा ज्वारीचा डबा घेऊन आली. सुचिताचा हात थांबला.

"आज टाकी का ताई? बरं, डबा ठेवून जाते, उद्या नेते."

एवढंच म्हणून ती गेली. सुचिता त्या डब्याकडे बघत राहिली आणि मग तिथेच, माझ्या थंड दगडांशेजारी झोपून गेली.

मित्रांनो, अशी पाटी तुम्हीही कधी लावाल. तेव्हा मला ओरडता येणार नाही, म्हणून आत्ताच सांगते. करपट वास आला, तर दगड आणखी आवळू नका. उघडा.