घराचं नवं तोंड

“दार तरी राहू द्या रे,” शेजारच्या वहिनी म्हणाल्या. कटर सुरू होता, त्यामुळे ते कुणालाच ऐकू गेलं नाही. कारागिराने कटर थांबवल्यावर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि त्यांच्या मुलाला हसू आलं.

“अगं आई, दारच तर आधी काढायचंय. सगळी कळा त्यानेच घालवलीय. बघणाऱ्याला बंगला वाटला पाहिजे, बंगला!”

मी कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालायचं नाटक करत सगळं बघत होते. आमच्या ओळीतली घरं कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली, एकाच साच्यातून काढल्यासारखी. दोन पायऱ्या, अरुंद ओटा, वरच्या अर्ध्या भागात काच असलेलं हिरवं दार. पुढे एकेकाने आपापल्या घराचं तोंड बदललं. जुनी तोंडं उरली होती ती वहिनींची आणि माझी.

थोड्याच दिवसांत वहिनींचं घर ओळखू येईना. ओटा गेला. पुढची भिंत राखाडी दगडाने मढली, तिच्यावर उभ्या लाकडी पट्ट्या आल्या आणि त्यांच्या आडून दिवे लागू लागले. पायऱ्या बाजूला, माझ्या कुंपणाकडे गेल्या. दार काळं, धातूचं, आकडे दाबले की उघडणारं. मला ते मेलं भारी आवडलं, खोटं कशाला बोलू? “मावशी, कारागीर इथे आहेत तोवर तुमचंही उरकून टाकू. दोन्ही घरं जोडीने शोभतील,” मुलगा म्हणाला, आणि मी एका पायावर तयार झाले.

वहिनी मात्र वाळत चालल्या. आयुष्यभर त्या खिडकीशी बसून शाळेचे गणवेश शिवत आल्या. नवरा कारखान्यात फिटर. त्यांना मी दादा म्हणायची. दादा गेले तेव्हाही वहिनी इतक्या खचल्या नव्हत्या. उलट संध्याकाळी त्यांचं गुणगुणणं मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. बाई मोठी धीराची, असं सगळे म्हणायचे. आता ते गुणगुणणं थांबलं होतं.

अशाच एका संध्याकाळी मी भाजी चिरत बसले होते. बाहेर पायरीच्या कडेला कुणीतरी बूट घासले. मग खाकरल्याचा आवाज आला. मग दाराच्या काचेवर किल्लीने टकटक झाली. मी दार उघडलं, तर ओट्यावर कुणी नाही. ग्रीसचा वास तेवढा होता.

दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच. मी नर्स होते. शवागाराच्या शेजारच्या खोलीत बसून निवांत डबा खाल्लाय, भुताखेतांना मी भीक घालत नाही. पण त्या आठवड्यात संध्याकाळ झाली की मी घरातले सगळे दिवे लावून बसायची.

शेवटी वहिनींकडे गेले आणि थट्टेवारी नेत म्हटलं, “वहिनी, रोज संध्याकाळी कुणीतरी माझं दार वाजवतं आणि उघडलं की गायब होतं. या वयात कोण भाळलंय माझ्यावर, कोण जाणे!”

वहिनी हसल्या नाहीत. “आधी बूट घासतात?”

“हो.”

“मग खाकरतात?”

मी मान हलवली. वहिनी मटकन खाली बसल्या.

“म्हणजे तुमच्याकडे येतात तर,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, आता कायमचेच गेले.” आणि त्यांना रडू फुटलं.

“कोण?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“हे. गेल्यापासून रोज येत होते, शिफ्ट सुटायच्या वेळेला. दिसत काही नाही हो. पण घरात आपलं माणूस आलं की कळतंच ना? मी दार उघडायची, चहा टाकायची, दिवसभराचं सांगायची. मुलाला कुठल्या तोंडाने सांगू? डॉक्टरकडे नेऊन बसवेल. आता ना ते दार, ना तो ओटा. ह्यांना घर कसं सापडणार? नजर आधीच अधू.”

मग मला आठवलं. आमच्या ओळीतली माणसं नेहमीच घर चुकायची. नवीन राहायला आले तेव्हा दादा एकदा थेट माझ्या घरात शिरले, खुर्चीत बसून बूट काढले आणि डोळे मिटून म्हणाले, “आज साखर जरा जास्त घाल गं.” मी समोर येऊन उभी राहिले, तसे बूट तिथेच टाकून पळाले.

तेवढ्यात मुलगा आत आला. “बरं झालं भेटलात मावशी. उद्या सकाळी तुमचं दार काढतोय हं.”

वहिनींनी माझ्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मला फार वाईट वाटलं. मागून मागायचं ते एवढंच, तेही मुक्याने.

“नको रे,” मी म्हटलं. “माझं आहे तसंच राहू दे.”

“अहो, पण ठरलं होतं ना? सगळ्या ओळीत तुमचं एकटंच भिकारडं दिसेल!”

“दिसू दे. मी तरी कुठली मोठी देखणी लागून गेले?”

तो धुसफुसत निघून गेला.

आता रोज दिवेलागणीला वहिनी माझ्या घरी येतात. त्या चहाचं आधण ठेवतात आणि मी मागच्या दाराने बाहेर पडते. त्यांच्या नव्या पायऱ्यांवर जाऊन बसते. तिथून माझं दार तिरपं दिसतं. ओटा रिकामाच असतो, पण पायरीवर बूट घासल्याचा आवाज येतो. मग किल्लीची टकटक. वहिनी दार उघडतात, मान वर करून काहीतरी बोलतात आणि पदर सावरून चौकटीला चिकटून उभ्या राहतात, आत येणाऱ्याला वाट मिळावी म्हणून. दार लागतं. काचेमागे दिवा उजळतो.

मग मी तोंड फिरवून बसते. घर माझं असलं म्हणून काय झालं, दुसऱ्याच्या संसारात किती वेळ डोकावायचं?