भाकरीचं उपरणं

टीव्हीवर ते उपरणं पडदाभर मोठं करून दाखवलं, आणि योगिनीच्या हातातला लसूण खाली पडला. पिवळं उपरणं, एका कोपऱ्याची चिंधी फाडलेली. ती चिंधी तिनेच फाडली होती, विळीने बोट कापलं तेव्हा.

सकाळी त्याच उपरण्यात तिने नवऱ्याला, संतोषला, भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा बांधून दिला होता. संतोष मंडपवाल्याकडे कामाला. ज्याची सभा त्याचं उपरणं गळ्यात असल्याशिवाय मंडपाच्या माणसांना स्टेजजवळ कोणी फिरकू देत नाही. त्यामुळे घरात सगळ्या पक्षांची उपरणी साठलेली. कशाने ओटा पुसायचा, कशात भाकरी बांधायची. रंग बघायचं कोणाच्या मनात येतं? आज लासलगावला सभा होती जांभळ्या उपरण्यांच्या पक्षाची. भाषण रंगात आलेलं असताना गर्दीतून कोणीतरी दगड मारला, पुढाऱ्याचं डोकं फुटलं, मारणारा पळाला. आणि स्टेजखाली हे सापडलं.

"रक्ताने माखलेलं उपरणं," निवेदक ओरडत होता. मेल्या, ठेच्याचं तेल सुटलंय ते, असं ती टीव्हीलाच म्हणाली. जांभळ्यांचा प्रवक्ता म्हणाला, कट पिवळ्यांचाच. पिवळ्यांचा म्हणाला, सहानुभूतीसाठी यांनीच आणून टाकलंय. दगड कोणी मारला हे विचारायला दोघांनाही सवड नव्हती.

संतोषचा फोन लागत नव्हता. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली.

तेवढ्यात गल्लीत काच फुटली. समोर पुंजादादांचं घर. पिवळ्यांचे जुने कार्यकर्ते. योगिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा स्वतःच्या रिक्षातून दवाखान्यात नेणारेही तेच. जांभळी उपरणी घातलेल्या पोरांनी त्यांना कॉलर धरून रस्त्यावर ओढलं होतं.

"बोल, तुमच्यातलं कोण होतं तिथं?"

योगिनी दारातून मागे सरली. गप्प बसलं तर संतोषचं नाव कोणाला कळणार नव्हतं. तिने आतून कडी लावली. मग पुंजादादा कळवळून ओरडले आणि तिला ते ऐकवेना. फोन हातात तसाच धरून ती बाहेर आली.

"सोडा त्यांना. ते उपरणं माझ्या घरचंय. भाकरी बांधली होती त्यात. रक्त नाही ते, ठेचा आहे."

पुंजादादांची कॉलर सुटली. संपलं एकदाचं, असं तिला वाटलं. पण त्या पोरांतल्या शूटिंग करणाऱ्या एका दाढीवाल्याने मोबाइल तिच्याकडे वळवला.

"म्हणजे तुझा नवरा होता तिथं. पिवळं घेऊन, आमच्या स्टेजखाली."

"मंडपाच्या कामाला होते."

"कोणत्या पक्षाचा?"

"कोणत्याच नाही."

"असं कुठं असतं काय," मागून कोणीतरी हसलं.

आणि तिच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर संतोषचं नाव. ती कट करायला गेली. दाढीवाल्याने फोन हिसकावला आणि स्पीकरवर टाकला.

"योगिनी, फोन बंद पडला व्हता गं, टेम्पोत लावला चार्जिंगला," संतोष दमलेल्या आवाजात सांगत होता. "घाबरू नको, मी धड हाय. द्वारका चौकात उतरलोय, येतोच चालत. लय भूक लागलीय. पळापळीत भाकरी तिथंच राह्यली बघ."

"येऊ नका," ती जिवाच्या आकांताने ओरडली. तोवर दाढीवाल्याने फोन बंद करून खिशात घातला होता, आणि पोरं मोटरसायकलींना किका मारत होती.